नावापुरती संचालक

आईची व्हिजिटिंग कार्डं दोनशे छापली होती. शंभर आणि दोनशेच्या भावात फारसा फरक नव्हता, म्हणून. माझी संपली, मी परत छापून घेतली, तीही संपली. आईची अजून दीडशे तरी असतील. जी गेली ती कुणाकडे गेली ते मी सांगू शकते: दहिसरच्या चाळीतल्या जुन्या शेजारणी, डोळ्यांचे डॉक्टर, भाजीवाली, गावचे दीर आणि जावा, आणि एकदा बसमध्ये शेजारी बसलेली एक बाई, जिने सहज विचारलं होतं की मावशी कुठे निघालात. कार्डावर आईचं नाव, त्याखाली 'संचालक', त्याखाली कंपनीचं नाव आणि चेकनाक्याजवळच्या आमच्या गाळ्याचा पत्ता.

तिला संचालक मी केलं. आमचं काम हॉस्पिटलचे कपडे शिवायचं. नर्सचे गणवेश, पेशंटचे गाऊन, चादरी, उशांचे अभ्रे. सात बायका, एक कटिंग मास्तर आणि मी. बरीच वर्षं सगळं माझ्या एकटीच्या नावावर चाललं होतं. मग मुलुंडच्या एका मोठ्या हॉस्पिटलने सांगितलं की आम्ही ऑर्डर फक्त प्रायव्हेट लिमिटेडला देतो. प्रायव्हेट लिमिटेडला दोन संचालक लागतात. माझं लग्न मोडलेलं, भाऊबहीण नाही, बाबा गेलेले. आमचे सीए म्हणाले, "आईंना घ्या ना मॅडम. नावापुरतं तर असतं." आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या प्रत्येक गाळ्यात हेच आहे. कुणाची बायको संचालक, कुणाची आई, एकाची तर अंथरुणाला खिळलेली सासू. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

आईने मात्र ते मनावर घेतलं. तिची सही कॉम्प्युटरवर करण्यासाठी एक पेन ड्राइव्ह आला होता, तो माझ्या ड्रॉवरमध्ये असायचा. दसऱ्याला गाळ्यात मशिनींची पूजा करताना तिने तो मागून घेतला, कात्रीशेजारी ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि त्याला लाल दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी तो चालेना. सीएंच्या ऑफिसातल्या मुलीने टाचणीने आतलं कुंकू काढलं आणि मला फोनवर सुनावलं. मी आईला काही बोलले नाही. ती दर गुरुवारी गाळ्यात यायची, बायकांनी केलेली काजं तपासायची, एखादं उसवून परत करायला लावायची. बायका तिला मावशी म्हणत आणि गुरुवारी जरा जपून काम करत. कंपनीतलं तिचं काम एवढंच. आकडे तिने कधी विचारले नाहीत आणि मी कधी सांगितले नाहीत.

आता टॅक्सचं. ज्यांनी कधी बिल फाडलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही बिल केलंत की त्यावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला भरायचा. गिऱ्हाइकाने पैसे दिलेत की नाही, हा प्रश्न सरकार विचारत नाही. मुलुंडचं हॉस्पिटल पैसे द्यायचं सहा महिन्यांनी, कधी आठ. तोवर त्यांचा टॅक्स मी माझ्या खिशातून भरायचा. दोन वर्षं भरलाही. ओढाताण व्हायची, पण वीस तारीख चुकली नव्हती.

चुकली ती गणपतीत. आमच्या सातपैकी पाच बायका कोकणातल्या, मास्तरही. गणपतीला गाळा दहा दिवस बंद असतो आणि बंद करताना प्रत्येकाच्या हातात चालू महिन्याचा पूर्ण पगार आणि वर एका पगाराची उचल पडते. हा रिवाज बाबांनी घालून दिलेला. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली त्या वर्षी आमच्या चाळीतलं कुणीच गणपतीला गावी गेलं नाही, कारण रिकाम्या हाताने कोण जाणार. पुढे आईने घरी शिवण सुरू केली, तिच्या हाताखाली दोन बायका आल्या, तेव्हा बाबांनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं की आपल्याकडचं माणूस गणपतीला मोकळ्या हाताने जाणार नाही. स्वतःची थकबाकी त्यांना गिरणीकडून कधी मिळाली नाही. पण ही शिस्त त्यांनी शेवटपर्यंत पाळली, आणि त्यांच्या मागे मी.

त्या वर्षी खात्यात एकच रक्कम होती. टॅक्स तरी भरता आला असता, नाहीतर उचल तरी देता आली असती. मी उचल दिली. फार विचार केला असं नाही. टॅक्स पुढच्या महिन्यात भरू म्हटलं, चार दिवसांचा दंड पडेल तो पडेल.

मला हे माहीत होतं की एका महिन्याचं टॅक्सचं रिटर्न राहिलं तर पुढच्या महिन्याचं भरता येत नाही. माहीत असणं आणि अंगावर येणं यात फरक असतो. पुढच्या महिन्यात दोन महिन्यांचे पैसे हवे होते, तिसऱ्या महिन्यात तिन्हींचे. हॉस्पिटलचे पैसे आले ते कापडवाल्याकडे गेले, कारण कापडवाला गाळ्यात येऊन बसायचा. सरकार येऊन बसत नव्हतं. ते ईमेल पाठवायचं.

ते ईमेल मी सुरुवातीला वाचत होते, नंतर फक्त विषय वाचायला लागले, नंतर तेही बंद केलं. 'इतर' नावाचं एक फोल्डर केलं आणि त्यात आपोआप जातील अशी सोय करून ठेवली. ही सोय करायला मला अर्धा तास लागला होता, आणि झाल्यावर बरं वाटलं होतं, एवढं आठवतं. सीएंचे फोन यायचे. "मॅडम, काय करताय तुम्ही? वाट लागेल." मी म्हणायचे, हो, बघते. खरं सांगायचं तर त्या दहा महिन्यांत मला भीती वाटत नव्हती. लोकांना वाटतं अशा माणसाची झोप उडत असेल. मी छान झोपत होते. जेवत होते, मालिका बघत होते, आईबरोबर बाजारात जाऊन बांगडा महाग झाला म्हणून कुरकुरत होते. आतून सगळं बधिर होतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपलाच ओठ चावला तरी कळत नाही, तसं.

एकदा पैसे मागायला मुलुंडला गेले. गोरेगावहून आरेतून जाणारी बस घेतली. मध्ये तबेल्याच्या म्हशी रस्त्यावर आल्या आणि बस पंधरा मिनिटं थांबली. आजूबाजूचे लोक चिडले, कंडक्टर खाली उतरून ओरडला. मी खिडकीतून म्हशी बघत बसले होते. उशीर झाला तर ज्याला भेटायचं तो साहेब निघून जाईल, हे मला कळत होतं. तो गेलाच. मी तिथल्या कॅन्टीनमध्ये इडली खाल्ली आणि परत आले.

मग हॉस्पिटलचाच फोन आला. तुमचा टॅक्स भरलेला दिसत नाही, आमचं क्रेडिट, म्हणजे त्या टॅक्सची आम्हाला मिळणारी वजावट, अडकलंय, भरल्याशिवाय जुनी बिलंही निघणार नाहीत. म्हणजे ते पैसे देणार मी टॅक्स भरल्यावर, आणि मी टॅक्स भरणार त्यांनी पैसे दिल्यावर. मला हसू आलं. पुढच्या आठवड्यात जीएसटीवाल्यांनी कंपनीचं खातं गोठवलं. बायकांचा पगार मी माझ्या दोन बांगड्या मोडून दिला आणि त्यांना काही सांगितलं नाही. आईलाही नाही. बांगड्या कुठे गेल्या विचारलं तेव्हा लॉकरमध्ये ठेवल्या म्हणून थाप मारली.

आईची गोष्ट वेगळी चालली होती. गावी आमच्या घरचा गणपती चार भावांत फिरतो, दर वर्षी एकाची पाळी. त्या वर्षी पाळी आमची होती. बाबा नसले तरी पाळी आईची, आणि बाबांनंतरची ही तिची पहिली. मूर्ती, भटजी, पाच दिवस घरात चाळीस माणसांचं जेवण, भजनाच्या मंडळींचा चहा आणि उसळ, सगळं आपल्या खर्चाने. शिवणीच्या पैशांतून आणि बाबांच्या तुटपुंज्या पेन्शनमधून तिने त्यासाठी चार वर्षं साठवलं होतं, स्वतःच्या खात्यात. आषाढातल्या एका सकाळी ती बोरिवलीच्या बँकेत मूर्तीची आगाऊ रक्कम काढायला गेली आणि तासाभराने परत आली. पासबुक ओट्यावर ठेवलं. मी डबा भरत होते.

"खातां बंद केल्यानी," ती म्हणाली.

मी डब्याचं झाकण लावत राहिले.

"बँकेतल्या चेडवान माका सांगल्यान. आजी, तुमच्या कंपनीचा टॅक्स रवलो हा, वरसून पत्र इलाहा. मागे लाइनीत चार माणसा उभी. मी म्हटलंय, चूक झाली आसतली." ती खुर्चीवर बसली. "चूक झाली काय गो?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खाजगी कंपनीचा टॅक्स राहिला तर तो संचालकांकडून वसूल करता येतो, हे तिला सांगताना माझा आवाज रेल्वेच्या सूचनांसारखा येत होता. तिने मधे एकदाच विचारलं, "बायकांचे गणपतीचे दिलंस मां?" मी हो म्हटलं. तिने मान हलवली. मला वाटलं, सुटले.

"दहा महिने," ती म्हणाली. "नाव माझा, आणि माका बँकेतला चेडू सांगता. तू नाय. मी काय परकी आसंय?"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, पण माझं ताट माझ्यासमोर ठेवून स्वतः गॅलरीत जाऊन बसायची. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

सीएंचं ऑफिस घाटकोपरला. आम्ही दोघी गेलो. ते आईशी फार आदराने बोलले, खुर्ची पंख्याखाली सरकवली. सुनावणीची तारीख मिळाली होती. ते म्हणाले, कंपनीसाठी हप्ते मागू, बहुतेक मिळतील. पण आईंचं खातं लगेच मोकळं होऊ शकतं. कायद्यात सोय आहे. कारभाराशी संबंध नव्हता, हलगर्जी यांची नाही, हे साहेबांना पटलं की झालं. "आई, तुम्ही एवढंच सांगायचं. मला काही माहीत नाही. मी नावापुरती आहे. मुलगी सांगेल तिथे सही करते. बस. आणि ते खरंच आहे ना?"

"खरंच आहे," मी म्हटलं.

"गणपतीच्या आधी पैसे हातात येतील," ते आईला म्हणाले.

त्यांनी तिच्याकडून ते तीनदा म्हणून घेतलं. तिने शाळेतल्या पोरीसारखं म्हणून दाखवलं. परतताना रिक्षात ती ओठांतल्या ओठांत तेच पुटपुटत होती, असं मला वाटलं. मी निर्धास्त झाले. माझं काय व्हायचं ते होईल, पण तिची पाळी वाचेल, एवढी एक गोष्ट मला खरोखर हवी होती.

सुनावणीला आई इस्त्रीची साडी नेसली आणि बाबांनी घेतलेली काळी पर्स घेतली. ऑफिस अंधेरीला होतं, चौथ्या मजल्यावर. अधिकारी बाई माझ्याच वयाच्या होत्या. टेबलावर फायलींचा ढीग, कडेला अर्धा खाल्लेला डबा. त्यांनी आम्हाला बसवलं, आईला पाणी मागवलं. माझी सगळी माहिती विचारून झाल्यावर त्या आईकडे वळल्या.

"आजी, तुम्ही कंपनीत काय करता?"

आईने पर्स उघडली. मला वाटलं, चष्मा काढतेय. तिने कार्ड काढलं, दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर ठेवलं.

"मी संचालक आहे," ती म्हणाली.

सीएंनी खोकल्यासारखं केलं. अधिकारी बाईंनी कार्ड वाचलं. "ते कागदावर दिसतंय मला. पण कारभार कोण बघतं? टॅक्स भरायचा राहिलाय हे तुम्हाला माहीत होतं का?"

मी आईकडे बघत होते. तीन वाक्यं सांगायची होती. पाठ केलेली होती.

"होतं," आई म्हणाली. "सगळं माहीत होतं. आमच्यात विचारल्याशिवाय काही होत नाही. त्या महिन्यात पैसे एकाच गोष्टीला पुरणार होते. बायकांना गणपतीला द्यायचे होते, म्हणून टॅक्स मागे ठेवला. आमचं चुकलं. आता हप्ते करून द्या, भरू."

सीएंनी पेन खाली ठेवलं. अधिकारी बाईंनी कागद पुढे ओढला. "आजी, नीट विचार करून सांगा. हे मी लिहून घेणार आहे."

"लिहा," आई म्हणाली.

त्यांनी लिहून घेतलं. खाली सही करायची होती आणि सहीखाली हुद्दा. इतकी वर्षं तिच्या सगळ्या सह्या त्या लाल दोऱ्याच्या पेन ड्राइव्हने मीच केल्या होत्या. त्या दिवशी तिने स्वतः केली, हुद्दाही स्वतः लिहिला, सावकाश, एकेक अक्षर. मला ओरडावंसं वाटत होतं की ही खोटं बोलतेय, हिला काहीच माहीत नव्हतं.

खाली उतरल्यावर सीए माझ्यावर वैतागून निघून गेले. आम्ही दोघी फुटपाथवरच्या चहावाल्याकडे उभ्या राहिलो. मी तिला विचारलं, असं का केलंस, पाळी गेली ना आता.

तिने चहा फुंकून घेतला. "तुझो बापूस सात वर्सां त्या गिरणीच्या हापिसात गेलो. मी डबो घेवन बरोबर जाय. टेबलाच्या पलीकडे दर खेपेक नवो माणूस. आणि दर नवो माणूस ह्याच सांगी. माका काय म्हायत नाय, मी नावापुरतो, सांगतत थंय सही करतंय." तिने कप कट्ट्यावर ठेवला. "ह्या वाक्य माझ्या तोंडातसून येवचा नाय. प्रयत्न केलंय मी. रिक्षात बोलान बघितलंय."

घरी आल्यावर तिने गावी धाकट्या दिराला फोन लावला. यंदाची पाळी तुम्ही घ्या, म्हणाली. पलीकडून त्यांनी कारण विचारलं असणार. आई म्हणाली, कंपनीचो टॅक्स भरूचो आसा. संचालक झाले हे सांगायला तिने फोन केला होता तेव्हाचाच आवाज होता.

हप्ते मिळाले. पहिला हप्ता भरल्यावर कंपनीचं खातं सुटलं, आईचं तसंच राहिलं. खातं सुटल्यावर मी बँकेत लिहून दिलं की यापुढे पैसे काढायला दोघींची मंजुरी लागेल, दुसरा ओटीपी आईच्या फोनवर यावा. गणपती बावीस तारखेला होते. त्या महिन्याच्या वीस तारखेला खात्यात पुन्हा तेच. हप्ता आणि चालू टॅक्स दिला तर उचलीला अर्धेच उरत होते. ह्या वेळी मी आईला आकडा सांगितला. तिने तो कॅलेंडरच्या मागे लिहून घेतला आणि म्हणाली, मी येतंय गाळ्यात. गुरुवार नव्हता.

बायका मशिनी बंद करून उभ्या राहिल्या. आई त्यांच्यासमोर उभी राहून बोलली. टॅक्स थकला होता, खातं बंद झालं होतं, बांगड्या मोडून पगार झाला होता, सगळं. मग म्हणाली, "पगार पूर्ण मिळेल. उचल अर्धी. उरलेली अर्धी दिवाळीच्या आधी. हे मला माहीत आहे आणि मी सांगतेय, त्यामुळे नाही मिळाली तर माझ्याकडे यायचं, हिच्याकडे नाही."

काज-बटण करणारी बाई, सगळ्यात जुनी, तिने पैसे मोजले आणि पर्समध्ये टाकले. "आम्ही गावी काय तोंड दाखवायचं, मावशी? तुम्हीच सांगा," म्हणाली, आणि गणपतीनंतर ती कामावर परत आली नाही. बाकीच्या पैसे घेऊन निघाल्या. मास्तर जाताना दारात थांबले. "मावशी, यंदा पाळी तुमची होती ना?" त्यांनी विचारलं.

"दिली दिरांना," आई म्हणाली. "सावकाश जावा. गर्दी असेल."

सगळे गेल्यावर तिने स्टूल ओढून माझ्या टेबलाजवळ घेतलं. "भर आता," म्हणाली. मी टॅक्सची रक्कम टाकली, माझा ओटीपी टाकला. तिचा फोन वाजला. तिने चष्मा लावला, फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि एकेक आकडा मोठ्याने सांगायला लागली. पहिले तीन मी टाकले. चौथ्याला मला स्क्रीन दिसेना. डोळे पुसले तरी दिसेना. दहा महिने आणि वरचे कितीतरी दिवस जे आलं नव्हतं ते सगळं तेव्हाच आलं, मशिनींसमोर, तिच्यासमोर, आवाज करून.

वेळ संपली आणि कोड रद्द झाला. मी नवा कोड मागवला. फोन परत वाजेपर्यंत आई थांबली आणि मग पहिल्यापासून सांगायला लागली, आधीपेक्षा जरा सावकाश.